वैचारिक निबंधाचा प्रारंभ : उच्च प्राथमिक स्तरावरील अध्यापनाची चिकित्सा

प्रस्तावना :

महाविद्यालयात प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका, प्रकल्पअहवाल आणि पुढे लघुप्रबंधही वाचताना प्राध्यापकांना एक अनुभव वारंवार येतो. विषय सहकारी साखर कारखानदारीचा असो, ग्रामीण कादंबरीचा असो की पाणीवाटपाचा; पहिला परिच्छेद बहुधा 'मानव हा समाजशील प्राणी आहे' किंवा 'आजचे युग हे विज्ञानाचे युग आहे' अशा धर्तीच्या वाक्याने सुरू होतो. लेखकाला नेमके काय सिद्ध करावयाचे आहे, हे दुसऱ्या पानापर्यंत कळत नाही आणि कित्येकदा शेवटपर्यंतही कळत नाही. या दोषाचे खापर सामान्यतः वाचनाच्या अभावावर किंवा भाषेच्या कच्चेपणावर फोडले जाते. वस्तुतः या सवयीचे मूळ बरेच मागे, इयत्ता सहावी ते आठवीच्या वर्गात सापडते. विद्यार्थी वैचारिक स्वरूपाचा निबंध प्रथम लिहू लागतो तो याच टप्प्यावर आणि 'निबंधाची सुरुवात कशी करावी' याचे संस्कार त्याच्यावर होतात तेही येथेच.

या टप्प्यावर निबंधाचा प्रारंभ अलंकरण म्हणून शिकवला जातो. तो वादाचा पाया म्हणून शिकवला जात नाही. प्रारंभात वादाचा मुद्दा निश्चित करणे, प्रतिपक्षाची दखल घेणे आणि स्वतःची भूमिका मांडणे ही कामे व्हावयाची असतात. ती कामे मुलाने करावीत असे वाटत असेल, तर त्याला मत बाळगण्याचा अधिकार वर्गात आधी मिळाला पाहिजे, अशी या विवेचनाची भूमिका आहे. तिच्या पुष्ट्यर्थ प्रचलित अध्यापन, मराठी निबंधपरंपरेतील काही प्रारंभ आणि लेखनाध्यापनाविषयीचे अलीकडील संशोधन यांचा येथे परामर्श घेतला आहे.

प्रचलित अध्यापनातील प्रारंभाची कल्पना :

शालेय व्यवहारात निबंधाचे वर्णनात्मक, आत्मकथनात्मक, कल्पनाप्रधान आणि वैचारिक असे ढोबळ प्रकार मानले जातात. पैकी पहिल्या तीन प्रकारांत वाचकाला आकर्षून घेणारा प्रारंभ स्वाभाविक ठरतो. पावसाळ्यातील एका दिवसाचे वर्णन ढगांच्या गडगडाटाने सुरू झाले, तर त्यात वावगे काही नाही. अडचण निर्माण होते ती हाच निकष वैचारिक निबंधालाही लावला जातो तेव्हा. 'सुरुवात आकर्षक हवी' ही एकच सूचना सर्व प्रकारांसाठी दिली जाते आणि आकर्षकपणाची साधने म्हणून सुभाषित, संतवचन, कवितेची ओळ किंवा थोर पुरुषाचे उद्गार पाठ करून घेतले जातात. बाजारातील मार्गदर्शक पुस्तके ही गरज तत्परतेने भागवतात.

'शाळेत गृहपाठ असावा का?' हा विषय घेऊ. प्रचलित पद्धतीने तयार झालेला सातवीतील विद्यार्थी साधारणतः पुढीलप्रमाणे प्रारंभ करील. हा नमुना स्पष्टीकरणासाठी रचला आहे :

'मानवी जीवनात शिक्षणाला अनन्यसाधारण महत्त्व आहे. शिक्षणामुळेच माणूस घडतो. प्राचीन काळी विद्यार्थी गुरुकुलात राहून विद्या ग्रहण करीत असत. आज काळ बदलला आहे. त्यामुळे गृहपाठ हा एक ज्वलंत प्रश्न बनला आहे.'

या परिच्छेदात व्याकरणाची चूक नाही, शुद्धलेखनाचा दोष नाही आणि परीक्षकाकडून त्यास गुणही मिळतील. परंतु 'गृहपाठ' हा शब्द काढून तेथे 'गणवेश' किंवा 'परीक्षा' हा शब्द घातला, तर पाचपैकी चार वाक्ये जशीच्या तशी राहतात. जो प्रारंभ कोणत्याही निबंधाला चालतो, तो कोणत्याच निबंधाचा नसतो. शिवाय गृहपाठाविषयी मतभेद नेमका कशावरून आहे, कोण कोणत्या बाजूला आहे आणि लेखक कोठे उभा आहे, यांपैकी एकाही गोष्टीचा येथे पत्ता लागत नाही. अशा प्रारंभाची परिणती शेवटही तसाच होण्यात होते. 'विज्ञान : शाप की वरदान' या पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या विषयावरील निबंध 'प्रत्येक नाण्याला दोन बाजू असतात' या वाक्याशी येऊन थांबतो. विषय पक्ष निवडावयास सांगतो. विद्यार्थी मात्र निवड टाळण्याचे कौशल्य संपादन करतो.

हा दोष केवळ मराठी शाळांपुरता नाही. अमेरिकेतील शाळांतून रूढ झालेल्या पाच परिच्छेदी निबंधाच्या साच्यातही प्रारंभी लक्षवेधी वाक्य, मग पार्श्वभूमी आणि अखेरीस प्रतिपाद्य विधान असा क्रम सांगितला जातो. तेथे निदान प्रतिपाद्य विधानाचा आग्रह असतो. तथापि लक्षवेधी वाक्यावर भर पडला की तेथेही पहिली वाक्ये विषयापासून सुटी पडतात. साचा देशी असो वा परदेशी, त्यातील मूळ प्रश्न एकच आहे : लेखकाने निर्णय घेण्यापूर्वीच त्याला सुरुवात करावयास लावले जाते.

शास्त्रपरंपरेतील प्रारंभविचार :

प्रारंभाविषयी काटेकोर विचार भारतीय शास्त्रपरंपरेत फार पूर्वी झालेला आहे. न्यायदर्शनातील पंचावयवी अनुमानवाक्याचा आरंभ प्रतिज्ञेने होतो. काय सिद्ध करावयाचे आहे ते प्रथम सांगावयाचे, त्यानंतर हेतू, उदाहरण, उपनय व निगमन. मीमांसेच्या अधिकरणपद्धतीत विषयानंतर लगेच संशय येतो. म्हणजे ज्याविषयी दुमत संभवते तो नेमका मुद्दा मांडला जातो. त्यानंतर पूर्वपक्ष आणि मग सिद्धान्त. प्रतिपक्षाचे म्हणणे स्वतःच्या म्हणण्याआधी आणि शक्य तितक्या समर्थपणे मांडण्याची ही शिस्त आहे. वेदान्तसारासारख्या प्रकरणग्रंथांत अनुबंधचतुष्टयाची चर्चा येते. ग्रंथाच्या आरंभी विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी या चार गोष्टी स्पष्ट व्हाव्यात, अशी अपेक्षा त्यात आहे. कशाविषयी, कशासाठी आणि कोणासाठी, हे प्रश्न आजच्या लेखनकौशल्याच्या पाठ्यपुस्तकातही जवळपास याच क्रमाने विचारले जातात.

तथापि या परंपरेचा निव्वळ गौरव करून थांबणे उचित नाही. चार अनुबंधांपैकी 'अधिकारी' हा शब्द निरुपद्रवी नाही. वेदान्तसारात अधिकाऱ्याच्या लक्षणातच विधिपूर्वक केलेल्या वेदाध्ययनाचा समावेश आहे आणि हे अध्ययन समाजातील फार मोठ्या वर्गाला निषिद्ध होते. म्हणजे ज्या परंपरेने वाद कसा सुरू करावा हे शिकवले, तिनेच वाद कोणी सुरू करू नये हेही ठरवून टाकले. एकोणिसाव्या शतकातील मराठी निबंधाने या ठिकाणी जे केले, ते शालेय अध्यापनाच्या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे.

मराठी निबंधातील तीन प्रारंभ :

इ. स. १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' या नियतकालिकात 'मांग महारांच्या दुःखाविषयी' हा निबंध प्रसिद्ध झाला. त्याची लेखिका मुक्ता साळवे ही पुण्यात जोतीराव फुले यांनी चालविलेल्या शाळेतील विद्यार्थिनी होती. उच्च प्राथमिक वयाच्या आसपास असलेल्या एका मुलीने लिहिलेला हा वैचारिक निबंध आहे, ही बाब प्रस्तुत चर्चेत महत्त्वाची ठरते. या निबंधाच्या प्रारंभी ती आपले दीनपण सांगते, कोणाच्या दुःखाविषयी लिहीत आहे ते सांगते आणि मांग, महार व ब्राह्मण यांचा निर्माता एकच असल्याचे सांगून त्याच्याच भरवशावर हे काम हाती घेतल्याचे नमूद करते. लगेच ती प्रतिपक्षाकडे वळते. वेदांच्या आधारे खंडन करू जावे तर वेदांवर आपलीच सत्ता असल्याचे ब्राह्मण सांगतात, हे त्यांचे म्हणणे ती पुढे ठेवते आणि तेच गृहीत धरून त्यातून प्रश्न उभा करते : वेद जर इतरांना पाहण्याचाही अधिकार नाही, तर त्या इतरांचा धर्म तरी कोणता?

येथे प्रारंभाची सर्व अंगे उपस्थित आहेत. विषय आहे, प्रयोजन आहे, उभयपक्षी मान्य होईल असे गृहीतक आहे, पूर्वपक्ष आहे. 'अधिकारी' या अनुबंधाचे तर तिने रूपच पालटले आहे. ज्या वचनाने तिला अनधिकारी ठरवले, त्याच वचनाला तिने वादाचा मुद्दा केले. ईश्वराचा उल्लेख येथे मंगलाचरणापुरता उरत नाही. एकच निर्माता हे विधान प्रतिपक्षाला नाकारता येणार नाही आणि ते मान्य केले की भेदभावाचे समर्थन करणे कठीण होते. उद्धृत सुभाषित आणि युक्तिवादात उपयोगी पडणारे गृहीतक यांतील अंतर यावरून स्पष्ट व्हावे.

ताराबाई शिंदे यांच्या 'स्त्री-पुरुष तुलना' (१८८२) या निबंधाच्या प्रस्तावनेतही हीच रीत आढळते. स्त्री व पुरुष या दोघांचा निर्माता एकच, हे प्रथम सांगितले जाते. दुर्गुण केवळ स्त्रियांच्याच अंगी असतात की तेच पुरुषांतही आहेत, हा संशय नंतर उपस्थित होतो. हे स्पष्ट करून दाखवणे हा निबंधाचा हेतू असून आपल्या देशभगिनींचा अभिमान धरून तो रचला आहे, असे सांगून लेखिका आपली भूमिका उघड करते. समान भूमी, वादाचा प्रश्न, प्रयोजन आणि लेखिकेचे स्थान या चार गोष्टी मोजक्या शब्दांत मांडून होतात.

तिसरे उदाहरण जोतीराव फुले यांच्या 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) या ग्रंथाचे. त्याच्या उपोद्घातातील पद्यपंक्ती आज असंख्य निबंधांच्या व भाषणांच्या आरंभी सजावटीसाठी वापरल्या जातात. मूळ ठिकाणी त्या सजावट नाहीत. विद्येच्या अभावापासून मती, नीती, गती व वित्त यांच्या नाशापर्यंत आणि तेथून शूद्रांच्या खचण्यापर्यंत जाणारी ती कार्यकारणांची साखळी आहे. म्हणजेच ती ग्रंथाची प्रतिज्ञा आहे. पद्याने प्रारंभ करणे हा दोष नव्हे. त्या पद्याला पुढील युक्तिवादात काही काम आहे की नाही, हा खरा प्रश्न आहे. शिक्षकाने याच पंक्ती वर्गात घेऊन त्यांतील एकेक दुवा खरोखर पुढच्या दुव्याकडे नेतो का, असे विद्यार्थ्यांना विचारले, तर पाठांतराचे रूपांतर चिकित्सेत होऊ शकते.

आधुनिक लेखनाध्यापनाची साक्ष :

अमेरिकेत २०१० साली जाहीर झालेल्या सामाईक राज्य मानकांमध्ये युक्तिवादपर लेखनाच्या प्रारंभाविषयी इयत्तावार चढती अपेक्षा नोंदवलेली दिसते. सहावीत विद्यार्थ्याने आपला दावा मांडावा, सातवीत पर्यायी किंवा विरोधी दाव्याची दखल घ्यावी आणि आठवीत आपला दावा विरोधी दाव्यापासून वेगळा करून दाखवावा, असा तो क्रम आहे. लक्षवेधी वाक्याची अट त्यात नाही. एका वर्षाला एकच नवी मागणी, ही त्यातील रचना अनुकरणीय आहे. कारण प्रतिज्ञा, पूर्वपक्ष आणि दोहोंतील भेद या तिन्ही गोष्टी एकदम लादल्या, तर अकरा वर्षांचे मूल पुन्हा साच्याचाच आश्रय घेईल.

स्टीफन टुलमिन यांनी १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात युक्तिवादाची जी अंगे सांगितली, त्यांत दावा आणि आधार यांच्याबरोबरच दाव्याची मर्यादा आणि अपवाद यांनाही स्थान आहे. कार्ल बेरायटर व मार्लीन स्कार्डमालिया यांनी १९८७ साली लेखनाच्या दोन प्रक्रियांत भेद केला. एकीत लेखक विषयासंबंधी जे आठवेल ते क्रमाने सांगत जातो. दुसरीत लिहिताना त्याचे ज्ञानच पालटत जाते. गृहपाठावरील वरील नमुना पहिल्या प्रक्रियेचे उत्तम उदाहरण आहे.

स्टीव्ह ग्रॅहम व डोलोरेस पेरिन यांनी २००७ साली चौथी ते बारावीच्या विद्यार्थ्यांच्या लेखनाध्यापनावरील संशोधनांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यात लेखनाच्या कार्यनीती उघडपणे शिकवण्याचा परिणाम ०.८२, लेखनाचे नेमके उद्दिष्ट ठरवून देण्याचा ०.७०, तर नमुन्यांच्या अभ्यासाचा ०.२५ इतका आढळला. ही मोजणी इंग्रजी माध्यमातील वर्गांवर प्रामुख्याने आधारलेली असल्याने ती मराठी वर्गाला यांत्रिकपणे लागू करता येणार नाही. तरीही तिचा रोख विचारात घेण्याजोगा आहे. मराठी वर्गात मुख्य भिस्त आदर्श नमुन्यावर असते आणि 'छान सुरुवात करा' ही सूचना नेमके उद्दिष्ट सांगत नाही. 'तुमच्याशी सहमत नसलेल्या माणसाचे एक खरे कारण पहिल्या परिच्छेदात लिहा' ही सूचना ते सांगते.

अध्यापनाची संभाव्य दिशा :

उपर्युक्त विवेचनातून वर्गाध्यापनासाठी काही गोष्टी निष्पन्न होतात. पहिली म्हणजे विषयाची निवड. ज्याविषयी मुलांमध्येच खरोखर दुमत आहे आणि ज्याचे परिणाम त्यांना भोगावे लागतात, असा विषय असावा. विज्ञान शाप की वरदान याचा निर्णय सातवीतील मुलाने दिल्याने काहीही बदलत नाही. शाळेचे मैदान लग्नकार्यासाठी भाड्याने द्यावे का, याविषयी मात्र त्याला म्हणण्यासारखे असते आणि माहितीही असते.

दुसरी गोष्ट म्हणजे लेखनाआधी बोलणे. वर्गाचे दोन गट करून प्रत्येक गटाने प्रथम दुसऱ्या गटाचे म्हणणे सांगावे आणि त्या गटाने 'होय, आमचे म्हणणे हेच आहे' अशी मान्यता दिल्यावरच उत्तर द्यावे. पूर्वपक्षाची शिस्त यापेक्षा सोप्या रीतीने शिकवता येणार नाही. हे बोलणे मुलांच्या घरच्या बोलीत होऊ द्यावे. प्रमाणभाषेची चिंता पहिल्याच क्षणी लादली, की मूल आपले म्हणणे सोडून पाठ केलेले वाक्य उचलते; कारण पाठ केलेले वाक्य निदान शुद्ध असते.

तिसरी गोष्ट क्रमाची आहे. प्रारंभ निबंधाच्या आरंभी वाचला जात असला, तरी तो आधी लिहिला पाहिजे असे नाही. कारणे व उदाहरणे यांचे परिच्छेद प्रथम लिहून, त्यांतून आपण कोठे पोहोचलो हे पाहून पहिला परिच्छेद शेवटी लिहिण्याची मुभा असावी. अनेक विद्यार्थ्यांना आपले मत लिहिता लिहिताच सापडते. चौथी गोष्ट कसोटीची. विषयाचा शब्द बदलूनही परिच्छेद टिकत असेल, तर तो पुन्हा लिहावा. ही परीक्षा विद्यार्थी परस्परांच्या वह्यांवर स्वतःच करू शकतात.

अशा सरावानंतर गृहपाठाच्याच विषयावर पुढील प्रकारचा प्रारंभ अपेक्षिता येईल. हाही नमुना रचलेलाच आहे :

'आमच्या वर्गातली बरीच मुले घरी गेल्यावर धाकट्या भावंडांना सांभाळतात नाहीतर शेतात मदत करतात. घरी सराव केला नाही तर शिकवलेले विसरायला होते, असे शिक्षक म्हणतात. गणिताच्या बाबतीत ते मलाही पटते. पण ज्याला घरी वहीपुढे बसायलाच मिळत नाही, त्याला गृहपाठातून सराव मिळत नाही, बोलणी मिळतात. म्हणून सराव हवा, पण तो शाळेच्या वेळेतच करून घ्यावा, असे माझे मत आहे.'

भाषिक सौष्ठवाच्या दृष्टीने हा परिच्छेद पहिल्याहून साधा आहे. परंतु यात वादाचा मुद्दा निश्चित झाला आहे, प्रतिपक्षाला त्याचे श्रेय दिले आहे आणि 'सराव' या उभयमान्य गोष्टीवर उभे राहून स्वतंत्र भूमिका घेतली आहे. गृहपाठ हा शब्द बदलला, तर हा परिच्छेद कोसळतो. तेच त्याचे यश.

संभाव्य आक्षेप :

या भूमिकेवर तीन आक्षेप संभवतात. या वयात इतकी अमूर्त विचारशक्ती नसते, हा पहिला. जाँ पियाजे यांनी औपचारिक क्रियांच्या अवस्थेचा आरंभ साधारणतः अकराव्या-बाराव्या वर्षी मानला आहे, म्हणजे उच्च प्राथमिक टप्पा हा तिच्या उंबरठ्यावरचा आहे. उंबरठ्यावरच्या मुलाला आधाराची गरज असते. साच्यात बंद करून ही गरज भागत नाही. मुक्ता साळवे हिचा निबंध असामान्य मानला, तरी आपल्यावर झालेला अन्याय समजण्याची आणि त्याचे कारण विचारण्याची शक्ती त्या वयात असते, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ प्रमाणे सहावी ते आठवीसाठी पस्तीस विद्यार्थ्यांमागे किमान एक शिक्षक अपेक्षित आहे. पस्तीस वह्यांतील पूर्ण निबंध वारंवार तपासणे कष्टाचे आहे, हे मान्यच केले पाहिजे. परंतु प्रस्तुत पद्धतीत एका वेळी एकच परिच्छेद लिहावयाचा आहे. पाच वाक्यांचा प्रारंभ तीनदा लिहिणे हे तीन पानांचा निबंध एकदा उतरवून काढण्यापेक्षा अधिक फलदायी आणि तपासण्यासही सोपे ठरावे.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. पूर्वपक्ष आणि प्रतिज्ञा हाही उद्या एक साचाच होईल आणि मार्गदर्शक पुस्तके 'काही लोक म्हणतात की' या वाक्याचेही पाठांतर करून घेतील. हा धोका खरा आहे. त्यावर पद्धतीच्या पातळीवर पूर्ण उपाय नाही. कोणतीही रीत मुलाला खरे म्हणणे असल्याची हमी देत नाही. ती केवळ त्या म्हणण्यासाठी जागा करून देते. त्या जागेचे रक्षण परीक्षकाने करावयाचे असते. शिक्षकाच्या मताविरुद्ध, परंतु कारणे देऊन लिहिलेल्या निबंधाला गुण कमी पडत असतील, तर विद्यार्थी एकाच सहामाहीत योग्य तो बोध घेतो आणि सुभाषिताकडे परततो. त्याच्या दृष्टीने ते शहाणपणाचेच असते.

समारोप :

वैचारिक निबंधाचा प्रारंभ हा वरवर पाहता तंत्राचा, परंतु मुळात अधिकाराचा प्रश्न आहे. उसनी वाक्ये वापरणारा विद्यार्थी आळशी असतोच असे नाही. आपले मत विचारले गेलेले नाही, हे त्याने अचूक ओळखलेले असते. शास्त्रपरंपरेने प्रारंभाची शिस्त दिली. एकोणिसाव्या शतकातील निबंधकारांनी, त्यांतही एका शाळकरी मुलीने, ती शिस्त ज्यांना नाकारली होती त्यांच्या हाती आणून दिली. हा वारसा उच्च प्राथमिक वर्गात पोहोचवावयाचा असेल, तर आकर्षक सुरुवातीचा आग्रह सोडून खऱ्या मतभेदाला वर्गात जागा द्यावी लागेल.

या कामात महाविद्यालयीन अध्यापकांचाही वाटा आहे. अध्यापक विद्यालयांतून व शिक्षणशास्त्र महाविद्यालयांतून तयार होणारे भावी शिक्षक स्वतःच कसा पहिला परिच्छेद लिहितात, हे तपासल्याशिवाय शालेय निबंधाविषयी तक्रार करण्याचा अधिकार पोहोचत नाही. ज्या प्रशिक्षणार्थ्याच्या पाठटाचणाचा आरंभ 'शिक्षणाला अनन्यसाधारण महत्त्व आहे' या वाक्याने होतो, त्याच्या वर्गातील मुले वेगळे काही लिहितील, अशी अपेक्षा करता येणार नाही.